वळिवडे : अभय आणि कागद

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी गाडी शहराबाहेर पडली की थोड्याच वेळात वळिवडे नावाचे लहानसे स्थानक लागते. त्याच्या परिसरात गांधीनगर ही वसाहत आहे. आसपासच्या जिल्ह्यांतील दुकानदार या वसाहतीला कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून ओळखतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती उभी केली, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु सिंधी कुटुंबे ज्या बराकींत उतरली, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता. पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश भाषेतील शाळा भरत होत्या, कॅथलिक प्रार्थनामंदिरात उपासना होत होती आणि पोलिश बालवीरांची पथके कवायत करीत होती.

गेल्या काही वर्षांत या छावणीची कथा पुन्हा सांगितली जाऊ लागली आहे. ती बहुधा अशी सांगतात : युद्धात होरपळलेल्या परक्या देशातील बायकामुलांना जगाने दारे बंद केली, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींनी त्यांना आसरा दिला. कथा ऐकताना ऊर भरून येतो आणि ती खोटीही नाही. पण ती अपुरी आहे. तिचा साचा आपल्या परिचयाचा आहे. ससाण्याच्या भयाने मांडीवर येऊन पडलेल्या कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा शिबी राजा आपल्या मनात इतका खोल रुजलेला आहे, की आश्रयाची कोणतीही हकीकत आली की आपण तिच्यात एक शरणागत आणि एक दाता शोधू लागतो. वळिवड्याच्या बाबतीत हा शोध पहिल्याच पावलाला अडखळतो. छत्रपती राजाराम महाराज १९४० सालीच निवर्तले होते. त्यानंतर दत्तक आलेले शिवाजी हे छावणी उभी राहिली तेव्हा दोन वर्षांचेही झालेले नव्हते आणि १९४६ साली बालवयातच त्यांचा अंत झाला. संस्थानाचा कारभार राजप्रतिनिधी मंडळाच्या हाती होता आणि त्यावर ब्रिटिश रेसिडेंटची नजर होती. शहाजी महाराज गादीवर आले ते १९४७ साली, म्हणजे छावणीच्या अखेरच्या पर्वात. तेव्हा मांडीवर कबुतर घेणारा राजा येथे कोणता? आणि तसा एकच राजा नसेल, तर पाच हजार माणसांना पाच वर्षे अभय मिळाले ते कशाच्या बळावर? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्यापूर्वी ही माणसे कोण होती ते पाहिले पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोविएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. पूर्व पोलंड सोविएत संघाने आपल्यात सामील करून घेतला. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत तेथील लाखो रहिवाशांना चार मोठ्या लाटांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेण्यात आले. यात शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिक आणि अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. घर जाण्याआधीच त्यांचे आणखी काही गेले होते. २९ नोव्हेंबर १९३९ च्या फर्मानाने या प्रदेशातील रहिवासी सोविएत नागरिक ठरवले गेले होते. माणूस झोपेतून उठतो आणि आपण दुसऱ्याच देशाचे झालो असल्याचे त्याला कळते. हा अन्याय हद्दपारीइतका दृश्य नसतो. त्याला मालगाडी नसते, बर्फ नसते. पण पुढील सर्व संकटांची नाळ त्याच्याशी जुळलेली आहे.

जून १९४१ मध्ये जर्मनी सोविएत संघावर उलटला आणि पारडे फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व सोविएत संघ यांच्यात करार झाला. त्यानुसार कैदेतील व हद्दपारीतील पोलिश नागरिकांना 'माफी' जाहीर झाली. ज्यांनी गुन्हाच केला नव्हता त्यांना माफी! शब्द बोचणारा होता, परंतु त्याच शब्दाच्या आधारे ही माणसे वसाहतींतून बाहेर पडू शकली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोविएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहिले. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि नंतर ऑगस्टमध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये गेले. त्याच्याबरोबर बायकामुलेही गेली. सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे या वाटेने बाहेर पडली. जी मागे राहिली त्यांच्यासाठी दार लवकरच मिटले : जानेवारी १९४३ मध्ये सोविएत सरकारने त्यांचे पोलिश नागरिकत्व मानण्याचे नाकारले आणि एप्रिलमध्ये कातिनच्या हत्याकांडावरून दोन्ही सरकारांचे संबंधच तुटले. कोणाला सुटका मिळाली आणि कोणाला नाही, हे पुष्कळदा त्या काही महिन्यांत गाडी आणि जहाज गाठता आले की नाही यावर ठरले.

इराण ही तात्पुरती जागा होती. पुरुष सैन्याबरोबर इराक, पॅलेस्टाईन आणि पुढे इटलीच्या आघाडीवर गेले. कुटुंबांसाठी ब्रिटिश साम्राज्यात आणि इतरत्र जागा शोधाव्या लागल्या : पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानात दोन मुख्य ठिकाणे झाली. नवानगर संस्थानातील बालाचडी येथे १९४२ पासून मुलांची, त्यातही बहुतांशी अनाथ मुलांची छावणी होती. तिच्यामागे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा वैयक्तिक पुढाकार होता. तेथे शिबी राजाचा साचा बराचसा लागू पडतो. दुसरे ठिकाण वळिवडे. ते कितीतरी मोठे होते, आणि येथे १९४३ च्या मध्यापासून कराचीच्या संक्रमण छावण्यांतून कुटुंबे येऊ लागली.

वळिवड्यामागे कोण कोण होते, याची यादी केली तर ती एका नावावर थांबत नाही. जमीन कोल्हापूर संस्थानातील होती. व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली होती. निर्वासितांसाठी कॅप्टन वेब हे प्रमुख अधिकारी नेमलेले होते. छावणीचा अंतर्गत कारभार, शाळा आणि कल्याणकार्य पोलिश अधिकाऱ्यांकडे होते. त्यांचा वरचा दुवा लंडनमधील पोलिश सरकार. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत यूजेनिउश बानासिन्स्की होते आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का पोलिश रेड क्रॉसचे काम पाहत होत्या. या दांपत्याने निर्वासितांसाठी केलेली धडपड मोठी आहे. (किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि २००२ साली हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.) दूत म्हणजे काय हे अशा वेळी समजते. ज्याच्याजवळ पारपत्र नाही त्याला 'हा आमचा माणूस आहे' असे लिहून देणारा तो अधिकारी असतो. त्याची मोहोर मान्य करणारे दुसरे सरकार समोर असेल, तरच ती मोहोर चालते. वळिवड्यातील स्त्री चुलीवर सूप शिजवीत होती, तिची मुलगी पोलिश व्याकरण शिकत होती, या साध्या दृश्यामागे लंडन, दिल्ली, मुंबई आणि कोल्हापूर यांनी परस्परांची मोहोर मान्य केल्याची वस्तुस्थिती उभी होती.

छावणीतील जीवनाचे वर्णन तेथे वाढलेल्यांच्या आठवणींत भरपूर येते. प्राथमिक शाळेपासून माध्यमिकपर्यंत शिक्षण होते, नाटके होती, सहकारी दुकाने होती. पोलिश बालवीर चळवळीला झ्जिस्वाव पेश्कोव्स्की यांच्यासारखा, स्वतः सोविएत कैदेतून वाचलेला तरुण अधिकारी मार्गदर्शक लाभला. पुढे ते धर्मगुरू झाले. आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीस पाठवीत. बाजारहाट करताना मुले थोडे मराठी शिकली. या आठवणींचा गोडवा खरा आहे आणि त्याला कृतज्ञतेची किनार आहे. मात्र त्या बहुतांशी मुलांच्या आठवणी आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे. मुलांना झाडे, नदी, पाऊस आठवतो. पुढच्या वर्षी आपण कोणत्या देशाचे असू, ही काळजी त्यांच्या आयांनी वाहिली, आणि ती काळजी आठवणींपेक्षा अर्जांत अधिक सापडण्याजोगी आहे.

ती काळजी १९४५ साली खरी ठरली. फेब्रुवारीतील याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोविएत संघाकडे राहील हे ठरले. ल्वुव, विल्नो आणि त्यांच्या भोवतालची खेडी आता पोलंडमध्ये उरणार नव्हती. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे याच भागातील. मे महिन्यात युरोपातील युद्ध संपले. जग विजय साजरा करीत होते आणि या छावणीतील माणसांचे परतीचे गाव नकाशावर दुसऱ्या देशात गेले होते. मग जुलैच्या प्रारंभी ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सामधील नव्या, सोविएत वर्चस्वाखालील सरकारला ती दिली. छावणीत त्या दिवशी एकही वीट हलली नसेल. पण ज्या सरकारच्या नावाने शाळा चालत होती, ज्याच्या दूताच्या सहीवर प्रवास होत होता, ते सरकार कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. निर्वासितांचा सांभाळ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे, म्हणजे 'उन्रा'कडे गेला.

येथून कथेचा जो भाग सुरू होतो तो स्मारकांवर क्वचितच कोरला जातो, कारण त्यात घटना कमी आणि कागद फार आहेत. प्रश्न एकच होता : या माणसांना परत पाठवायचे, की त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार आहे? निर्वासितांनी मायदेशी परतावे, हा त्या काळातील सर्व मदतकार्याचा गृहीत हेतू होता. सोविएत गटाचे म्हणणे असे की युद्ध संपले, आता निर्वासित उरलेच नाहीत. जे परतत नाहीत ते देशद्रोही. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केलेल्या ठरावात मात्र एक वाक्य आले : ज्यांनी परिस्थितीची पूर्ण माहिती घेऊन, सबळ कारणासह परतण्यास निश्चित नकार दिला आहे, त्यांना परत जाण्याची सक्ती केली जाऊ नये. हेच तत्त्व डिसेंबर १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेत उतरले. वळिवड्यातील एखाद्या विधवेला संयुक्त राष्ट्रांतील ही वादावादी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तिच्या नकाराला जे वजन आले ते या वाक्यामुळे.

नकाराला वजन आले तरी जायचे कोठे, हा दुसरा प्रश्न उरतोच. वाटा निरनिराळ्या होत्या, आणि कोणाला कोणती वाट मिळेल हे दुःखाच्या मापाने ठरत नव्हते, नात्याच्या पुराव्याने ठरत होते. ज्यांचा नवरा, बाप किंवा भाऊ अँडर्स यांच्या सैन्यात होता, माँते कासिनोच्या डोंगरावर लढला होता, त्यांच्यासाठी ब्रिटनचे दार उघडले. ब्रिटनने आपल्या अधिपत्याखाली लढलेल्या पोलिश सैनिकांसाठी १९४६ मध्ये पुनर्वसन दल काढले आणि मार्च १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. सैनिकांच्या कुटुंबीयांना तेथे जाता आले ते या तरतुदींमुळे. वळिवड्यातील फार मोठा गट याच वाटेने गेला. काही कुटुंबे, बहुधा नातेवाइकांच्या ओढीने, पोलंडला परतली. ज्यांना सैनिक नातलग नव्हता ते पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत आणि तेथून ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका यांसारख्या देशांकडे पांगले. एका बराकीत पाच वर्षे शेजारी राहिलेल्या दोन बायका केवळ एका सैनिकी क्रमांकाच्या असण्या-नसण्यामुळे दोन खंडांत गेल्या असतील, हे ध्यानी घेतले म्हणजे कागदाचे सामर्थ्य आणि त्याचे क्रौर्य दोन्ही कळतात.

अनाथ मुलांचा प्रश्न तर आणखी नाजूक. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली आणि तेथील मुले वळिवड्यास आली. ज्याला आईबाप नाहीत त्या मुलाच्या वतीने 'नाही' कोणी म्हणायचे? वॉर्सामधील सरकार त्यांच्यावर हक्क सांगू शकत होते. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या अनुराधा भट्टाचारजी यांनी 'द सेकंड होमलँड' (२०१२) या ग्रंथात दाखवले आहे, की जामसाहेब, छावणीतील पोलिश धर्मगुरू प्लुता आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी क्लार्क यांनी मिळून मुलांना कायदेशीररीत्या दत्तक घेतले आणि सक्तीच्या पाठवणीची शक्यता टाळली. मुलांना 'मी तुमचा बापू' म्हणणाऱ्या राजाची गोष्ट भारत आणि पोलंड दोन्हीकडे आवडीने सांगतात. पण मायेचा तो शब्द वेळ आल्यावर दत्तकपत्रात उतरवावा लागला, तेव्हाच तो मुलांचे रक्षण करू शकला. दातृत्व नसते तर दत्तकपत्र झाले नसते हे खरे; तितकेच हेही खरे, की दत्तकपत्राशिवाय दातृत्व हतबल ठरले असते.

१९४८ मध्ये पोलिश छावणी मिटली आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली. बाहेरून पाहता दृश्य तेच : गाठोडी, मुले, रांगा, अनोळखी भाषा. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर होते. पोलिश निर्वासिताचे राज्य हरवले होते. सिंधी निर्वासिताचे घर हरवले होते, पण समोरचे राज्य त्याला आपला म्हणत होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६ ने पाकिस्तानातून आलेल्यांचे नागरिकत्व ठरवले; १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेल्यांना वेगळ्या नोंदणीची गरज उरली नाही. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्यासाठी १९५० चा आणि भरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ चा कायदा आला. या कायद्यांची अंमलबजावणी सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. पण दावा करण्यासाठी एक कचेरी होती. सिंधी कुटुंबे गांधीनगरात रुजली आणि पोलिश कुटुंबे निघून गेली, याचे श्रेय आपण बहुधा सिंध्यांच्या व्यापारी चिकाटीला देतो. चिकाटी आहेच; परंतु रुजण्याची मुभा ही चिकाटीच्या आधीची गोष्ट आहे.

यानंतर वळिवड्याचे स्मरण बराच काळ त्या छावणीत वाढलेल्यांपुरते राहिले. त्यांनी 'भारतातील पोल' अशी संघटना केली, आठवणी आणि कागदपत्रे ग्रंथरूपात जमवली. १९९८ मध्ये कोल्हापुरातील महावीर उद्यानात स्मारकस्तंभ उभा राहिला. २०१७ मध्ये वॉर्सात कोल्हापूर स्मारक झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेले वृद्ध पोलिश पाहुणे पुन्हा वळिवड्यास आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्साच्या स्मारकास पुष्पचक्र वाहिले. स्मारकाची भाषा कृतज्ञतेची असते आणि ती तशीच असावी. अडचण एवढीच, की कृतज्ञता दात्याकडे पाहते. व्यवस्थेकडे पाहण्याची तिला सवय नसते.

ही सवय का हवी, याचे उत्तर अलीकडच्या एका प्रसंगात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि तेथे शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातीलही, सीमेकडे धावले. पोलंडने त्यांना व्हिसाविना प्रवेश दिला. जामनगर-कोल्हापूरच्या ऋणाची तेव्हा दोन्ही देशांत आठवण निघाली आणि ती योग्यच होती. पण ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश प्रथमच लागू केला, तेव्हा त्याचे छत्र मुख्यतः युक्रेनच्या नागरिकांवर होते. तात्पुरत्या परवान्यावर शिकणारे आणि मायदेशी सुखरूप परतू शकणारे परकीय विद्यार्थी त्याखाली आपोआप येत नव्हते. भारतीय मुलांच्या मागे त्यांचे सरकार होते, दूतावास होता, विमाने होती. म्हणून ती घरी आली. तीच सीमा त्याच थंडीत ओलांडणाऱ्या, पण मागे तितके समर्थ राज्य नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे वळिवड्यातील विधवेचाच प्रश्न उभा होता : माझ्या वतीने सही कोण करणार?

आणि आपल्याकडे? १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही, १९६७ च्या पूरक मसुद्यावरही नाही. निर्वासित कोण, हे सांगणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. वळिवड्याची छावणी चालू असतानाच, १९४६ मध्ये, झालेला परकीय नागरिक कायदा जवळपास आठ दशके सर्वांना एकाच मापाने मोजत राहिला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण 'परकीय' आणि 'शरण आलेला परकीय' हा भेद त्यातही कायद्याच्या व्याख्येत आलेला नाही. तिबेटी, श्रीलंकेतील तमीळ, इतर काही गट यांच्यासाठी वेळोवेळी निरनिराळे आदेश निघाले आहेत. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीविताच्या रक्षणाचा अनुच्छेद २१ नागरिक नसलेल्या माणसासही लागू आहे. हा मोठा आधार आहे; तरी तो न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यालाच मिळतो. बाकीच्यांसाठी अजूनही शिबी राजाच शोधावा लागतो, आणि राजाची मर्जी सर्व कबुतरांवर सारखी असतेच असे नाही.

मराठीत या माणसांसाठी दोन शब्द रूढ आहेत. 'निर्वासित' हा शब्द त्याने काय गमावले ते सांगतो. 'शरणार्थी' हा शब्द तो काय मागतो ते सांगतो. देणाऱ्याचे बंधन काय, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. तो अर्थ आपण दात्याच्या मोठेपणावर सोडून दिला आहे. वळिवड्याच्या इतिहासात तो अर्थ सापडतो. येथे बालराजाच्या नावाने चालणारे संस्थान होते, परक्यांची सत्ता असलेले सरकार होते, लंडनमधील एक बेघर मंत्रिमंडळ होते, मुंबईतील एक दांपत्य होते, आणि त्या सर्वांना जोडणारे मोहोरबंद कागद होते. यांपैकी कोणीही शिबी नव्हते. तरीही पाच हजार माणसे वाचली, शिकली आणि बहुतेकांना पुढचा मुक्काम मिळाला. महावीर उद्यानातील स्तंभासमोर उभे राहताना कोल्हापूरकराला अभिमान वाटावा. पण तो अभिमान दिलदारीपुरता न ठेवता, सामान्य माणसांनी आणि अपुऱ्या सरकारांनी मिळूनही आश्रयाची व्यवस्था उभी करता येते, या पुराव्याबद्दल वाटावा. दिलदारीची वाट पाहावी लागते. व्यवस्था मागता येते.